मांडवामागची बाटली

तुळशीचं लग्न लागलं की छत्रपती संभाजीनगरच्या लाइट-साउंडवाल्यांना दिवस पुरत नाही. दौलताबाद टी-पॉइंटवरून किल्ल्याकडे आणि पुढे घाट चढून खुलताबाद-वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रस, म्हणजे दिवे टांगायचे सांगाडे, लादलेले टेम्पो दिसू लागतात. लग्नाचं संगीत, कंपनीचं स्नेहसंमेलन, नेत्याचा वाढदिवस, ऑर्केस्ट्रा. वेरूळ-अजिंठा महोत्सवासारखा मानाचा कार्यक्रमही याच भागातला. पूर्वी तो वेरूळला कैलास लेण्याच्या सान्निध्यात व्हायचा, पुढे शहरातल्या सोनेरी महालात आला. कार्यक्रम कुठलाही असो, त्याच्या मागे रात्रभर राबणारी पोरं असतात आणि त्यांच्याविषयी एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘ही लाइन म्हणजे पिणाऱ्यांची.’ कोण पितं याची चर्चा गावभर होते. कोण पाजतं, याची होत नाही. मला त्याविषयी लिहायचं आहे.

आधी काम काय असतं ते पाहू. पाहुणे रात्री आठला येणार असतील तर ट्रस सकाळीच उभा राहतो. चार खांबांवर चौघे चेन ब्लॉकची साखळी ओढतात, एकमेकांच्या हाकेवर, कारण एक कोपरा जरी पुढे गेला तरी सगळा भार तिरका होतो. वर वीस-पंचवीस किलोचा एकेक फिरता दिवा. त्याला क्लॅम्प असतोच, शिवाय क्लॅम्प सुटला तर दिवा खाली येऊ नये म्हणून तारेची वेगळी सेफ्टी असते. ती अडकवायला काही सेकंद पुरतात. ग्लानीतला माणूस नेमकी तीच विसरतो, आणि ती राहिली आहे हे खालून कुणाला दिसत नाही. दिवा जळतो, फिरतो, टाळ्या पडतात. तिकडे जनरेटरपाशी थ्री-फेजची जोडणी, ४१५ व्होल्ट, पायाखाली दवाने ओलं झालेलं गवत. अर्थिंगची सळई नीट ठोकली आहे की नाही, हे साऱ्या मैदानात एकाच माणसाला माहीत असतं. तो शुद्धीत असावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

आता रात्रीचे दहा. पाहुण्यांची पंगत उठल्याशिवाय मागच्या पोरांना ताट मिळत नाही, हा अलिखित नियम. जेवणाचा पत्ता नाही, पण यजमानाचा माणूस जनरेटरच्या आडोशाला खोकं ठेवून जातो. ‘पोरांनो, तुमची व्यवस्था केलीय. उतरवायला मात्र उशीर नको, लॉन दोनला खाली करायचंय.’ त्याच्या मनात कपट नसतं. आपण माणुसकीने वागलो असंच त्याला वाटतं. मी हे इतक्या मांडवांमागे पाहिलं आहे की आता त्या खोक्याचा हिशेब मांडल्यावाचून राहवत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ तासांवरच्या कामाला दुप्पट मजुरी सांगितली. मांडवातल्या पोराला नाइट मिळते. ती बारा तासांची असो की वीस तासांची, आकडा तोच. वरच्या तासांचे पैसे द्यायचे नसतात, झोपायला खोली द्यायची नसते, वेळेवर ताट द्यायचं नसतं. त्या सगळ्याच्या बदल्यात बाटली येते. ती बक्षीस नाही, ती बुडवलेली मजुरी आहे.

आणि ती रिकाम्या पोटी, न झोपलेल्या शरीरात जाते. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला होता. सलग सतरा तास जागलेल्या माणसाच्या हालचाली, शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतक्या ढिल्या पडतात, असं त्यांना आढळलं. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा तीस मिलिग्रॅम आहे. म्हणजे सकाळी सहाला उठलेला पोरगा रात्री अकराला, एक थेंबही न घेता, त्या मर्यादेपलीकडच्या माणसासारखा झालेला असतो. त्यावर क्वार्टर. १८० मिलिलिटर व्हिस्कीत साठ ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल असतं आणि शरीर तासाला सात-आठ ग्रॅमच निपटतं. पहाटे दोनला संपवलेली क्वार्टर सकाळी दहापर्यंत अंगात असते. पण आठला दुसऱ्या लॉनवर ट्रस उभा करायचा असतो. ‘कामावर घेत नाही, काम संपल्यावरच घेतो,’ असं पोरं प्रामाणिकपणे सांगतात. मोसमात काम संपतच नाही, त्यामुळे त्या प्रामाणिकपणाचा उपयोग होत नाही.

टेम्पोचा चालक तर सगळ्यात शेवटी निघतो. दौलताबादच्या घाटात रस्ता जुन्या दरवाजातून जातो, तिथे दिवसासुद्धा जपून गाडी काढावी लागते. पहाटे तीनला, मागे लोखंड आणि लोखंडावर झोपलेली पोरं घेऊन तो उतरतो. त्याला पोलीस निदान फुंकर मारायला लावू शकतात. ट्रसवर चढणाऱ्याला कुणीच विचारत नाही.

मराठी रंगभूमीने दारूवर केवढं मोठं नाटक दिलं! नाटककार राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि त्यानंतर महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळीने त्यांचं ‘एकच प्याला’ बडोद्याला रंगमंचावर आणलं. त्यातल्या नायकाच्या, सुधाकराच्या हातात पहिला प्याला तळीराम देतो, तोही दुःख विसरायला म्हणून. शंभर वर्षं आपण सुधाकरासाठी हळहळलो. त्या नाटकाचा पडदा ओढणारे, दिवे सांभाळणारे काय पीत होते, किती झोपत होते, हे मात्र आपल्या नाट्येतिहासात शोधूनही सापडत नाही. तमाशाच्या फडातही तसंच. दसऱ्याला फड बाहेर पडला की रोज नवं गाव, रोज तंबूचे खांब रोवायचे आणि रात्रीच उपटायचे. वग गाजतो, खुंट्या ठोकणारा ट्रकमध्ये झोपतो.

पिणारा अगदी निर्दोष, असं मी म्हणत नाही. ‘दोन घोट घेतले की हात स्थिर होतो’ हे म्हणणारे कुशल कारागीर मी पाहिले आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. ज्याचा हात घोटाशिवाय थरथरतो त्याला उपचार हवेत, उंची नको. साउंडच्या टेबलावर बसणाऱ्यालाही सूट नाही; दारूने कान बोथट होतात, मग तो आवाज चढवत नेतो आणि सोसतं समोरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना. कलावंत पिऊन आला तर गाणं बिघडतं. तंत्रज्ञ पिऊन आला तर ज्याचा त्या दारूशी संबंध नाही त्याच्या डोक्यावर लोखंड येतं. म्हणून इथे ‘ज्याचं त्याने पाहावं’ चालणार नाही.

पण बंदीची पाटी लावून हे सुटणार नाही. शेवटचा टेम्पो बंद होईपर्यंत मालकासकट कुणीही घ्यायची नाही, हा नियम मालकाने स्वतः पाळला तरच टिकतो. उतरवणारी टोळी चढवणाऱ्या टोळीहून वेगळी हवी, चालक दिवसभर झोपलेला हवा. यात पैसे जातात, आणि ते शेवटी कार्य करणाऱ्याच्याच खिशातून जायला हवेत.

तेव्हा या मोसमात तुमच्या घरी कार्य असेल, तर लाइटवाल्याशी दर ठरवताना तीन गोष्टी विचारा: ही पोरं आदल्या रात्री कुठे काम करत होती, किती वाजता जेवणार आहेत, आणि सामान उतरवून झोपणार कुठे. त्यांचं ताट आठला वाढा, पहिल्या पंगतीबरोबर. जादा तासांचे पैसे दराच्या कागदावर लिहून द्या. आणि मागच्या बाजूला खोकं पाठवू नका.