संत नसलेले साक्षीदार

छळ सोसलेल्या माणसाबद्दल लिहिताना लेखकाचा हात मऊ होतो. त्या माणसाचे दोष वगळले जातात, त्याच्या तोंडी शहाणी वाक्यं येतात आणि पुस्तक संपेपर्यंत तो संत झालेला असतो. अशी पुस्तकं मी आदराने वाचते, पण ती माझ्याजवळ राहत नाहीत. जी राहिली त्यांतली माणसं भयंकर सोसतात आणि तरीही चिक्कू, हट्टी, खोटं बोलणारी, प्रसंगी क्रूरही असतात. माझा विश्वास बसतो तो त्यांच्यावर.

आर्ट स्पीगलमनची ‘माउस’ ही चित्रकादंबरी मी याच कारणासाठी पुन्हा पुन्हा काढते. पोलंडमधला ज्यू व्लाडेक ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचला आणि पुढे अमेरिकेत आला. त्याचा मुलगा त्याची कहाणी टेप करतो आणि चित्रांतून मांडतो. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं, अमेरिकन कुत्री. दोन खंडांतलं हे काम १९८६ आणि १९९१ मध्ये पुस्तकरूपात आलं आणि १९९२ साली त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. त्याबद्दल बोलताना लोक छावणीची पानं काढतात. मला त्यातला एक मोटारप्रवास जास्त महत्त्वाचा वाटतो.

म्हातारा व्लाडेक, मुलगा आणि सून फ्रान्स्वाज गाडीतून निघाले आहेत. बाजूला अमेरिकेतलं हिरवं रान. ऑशविट्झमधल्या बंडाची गोष्ट चालू आहे. बंडासाठी दारूगोळा चोरून आणणाऱ्या चार मुलींना फाशी दिली, हे व्लाडेक सांगतो, आणि त्याच चौकटीत, त्याच रानातल्या झाडांना त्या मुलींचे पाय लटकताना दिसतात. गाडी खालून पुढे जाते. कादंबरीकाराला इथे ‘त्याला आठवलं’ असं काहीतरी लिहावं लागलं असतं आणि त्या दोन शब्दांनी आज आणि तेव्हा यांच्यात भिंत उभी राहिली असती. चित्रात ती भिंत नाही. पस्तीसेक वर्षांपूर्वीचं मरण आणि आजचा रस्ता एकाच चौकोनात आहेत. चित्रकथा हा मुलांचा प्रकार आहे असं मानणाऱ्या कोणालाही मी हे पान दाखवीन.

पण खरं धाडस त्याच प्रवासात पुढे आहे. व्लाडेक अर्धवट खाल्लेल्या खाण्याचे डबे दुकानात परत द्यायला जातो. मुलगा आणि सून शरमेने गाडीतच बसून राहतात. म्हातारा आपलं आजारपण, घर सोडून गेलेली दुसरी बायको, छावणीतले दिवस, सगळं मॅनेजरला ऐकवतो आणि बदल्यात नवा किराणा घेऊन विजयी मुद्रेने बाहेर येतो. परतीच्या वाटेवर फ्रान्स्वाज एका कृष्णवर्णीय वाटसरूला गाडीत घेते, तर व्लाडेक पोलिशमध्ये तणतणत राहतो. वाटसरू उतरून गेल्यावर कळतं की हे लोक चोर असतात म्हणून त्याने सगळा वेळ पिशव्यांवर नजर ठेवली होती. सून संतापून विचारते की नाझी ज्यूंबद्दल जे बोलायचे तेच तुम्ही यांच्याबद्दल कसं बोलता? त्याला हा प्रश्नच पटत नाही.

यावर एक समर्थन हमखास पुढे येतं. एवढं सोसल्यावर माणूस असाच होणार. स्पीगलमनने तीही पळवाट बंद केली आहे. व्लाडेकची दुसरी बायको माला स्वतः छावण्यांतून वाचलेली. ती सांगते की आमचे सगळेच मित्र त्यातून गेले, पण असा दुसरा कोणी नाही. म्हणजे दुःखाने माणूस घडतो हेही खरं नाही आणि बिघडतो हेही पुरतं खरं नाही. आपले वडील ज्यूद्वेष्ट्यांनी रंगवलेल्या कंजूष म्हाताऱ्यासारखे दिसतील, ही भीती लेखकाने पुस्तकातच बोलून दाखवली आहे आणि तरी त्यांना तसंच काढलं आहे. काहींना यात बापाशी बेइमानी दिसते. मला प्रेम दिसतं. चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्यावर जगण्याचा हक्क ठरवणं हीच तर मारणाऱ्यांची रीत होती. व्लाडेक कंजूष असो, वंशद्वेष्टा असो, त्याला मारण्याचा अधिकार कोणाला नव्हता. ‘माउस’चं पान न् पान हे सांगतं, आणि संत झालेल्या व्लाडेकला ते सांगता आलं नसतं.

इराणच्या मर्जान सतरापीने असं दोषांसकट चित्र स्वतःचंच काढलं. तिची आत्मकथनात्मक चित्रकादंबरी ‘पर्सेपोलिस’ मूळ फ्रेंचमध्ये २००० ते २००३ या काळात चार भागांत आली, सगळी काळ्यापांढऱ्यात. तेहरानच्या रस्त्यावर ओठांना लाली लावून उभी असलेली मर्जान क्रांतीच्या पहारेकऱ्यांची गाडी पाहून घाबरते आणि स्वतःला वाचवण्यासाठी जवळच्या एका निरपराध माणसाने आपल्याला अश्लील बोलल्याचा कांगावा करते. त्या माणसाला ते घेऊन जातात. घरी येऊन ती ही गोष्ट गंमत म्हणून आजीला सांगते आणि तिच्यावर जीव टाकणारी आजी तिला फाडून खाते. दडपशाही कशी चालते हे मला या तीन-चार पानांनी जितकं समजलं तितकं क्रांतीच्या इतिहासांनी समजावलं नव्हतं. भ्यालेल्या माणसाच्या हातून ती पुढच्या माणसापर्यंत जाते.

आपल्याकडे ज्यूंच्या छळाच्या विषयाच्या किती जवळ एक मराठी कादंबरी १९३९ सालीच गेली होती! विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून हाकललेले ज्यू, त्यांच्यात हॅर्टा, आणि भारतात परतणारा चक्रधर. बेडेकरांनी लिहिलं तेव्हा ऑशविट्झची छावणी उभी राहिलेली नव्हती. मृत्यूचे कारखाने पुढे काय करणार हे लेखकाला ठाऊक नाही, वाचकाला मात्र ठाऊक आहे, त्यामुळे बोटीवरचा साधा हशासुद्धा सहन होत नाही. चक्रधर नायकासारखा वागत नाही, हे मला या कादंबरीचं मोठेपण वाटतं. जुन्या प्रेमभंगाने तो कडवट झालेला आहे. मुंबई आली की तो उतरतो आणि हॅर्टा बोटीवरच राहते. तिच्या आत्महत्येची बातमी त्याला नंतर कळते. बोटीवर कोणीही राक्षस नाही. तिला ठेवून घेईल असा देश नाही आणि तिच्यासाठी जगाशी भांडेल एवढा मोठा माणूसही नाही, एवढंच.

‘भीमायन’ या चित्रचरित्रापुढची अडचण उलटी होती. डॉ. आंबेडकरांची प्रतिमा आधीच एवढी उंच की त्यात लहान मूल शोधणं कठीण. २०११ साली नवायन प्रकाशनाने काढलेल्या या पुस्तकात दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी माणसांना चौकटींत कोंडायचंच नाकारलं. पानभर वाहत्या नक्षीत माणसं मोकळी वावरतात, सौम्य बोलण्याचे फुगे पक्ष्यांच्या आकाराचे आणि विषारी बोलण्याच्या फुग्यांना विंचवाची नांगी. पाण्यावरचा भाग मला सर्वांत सरस वाटतो, पुढे प्रौढ बाबासाहेब हळूहळू पुतळ्याकडे झुकू लागतात. पण त्यांच्या स्वतःच्या आठवणींत ते लहान मूल स्वच्छ आहे. १९०१ साली साताऱ्याहून खटाव तालुक्यातल्या गोरेगावला वडिलांकडे निघालेली मुलं, त्यासाठी घेतलेले नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट. मसूर स्टेशनवर जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. दुप्पट भाडं घेऊन एक गाडीवान तयार होतो, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. रात्री जकातनाक्यावर ही तहानलेली मुलं पाण्यासाठी आपण मुसलमान असल्याचं सांगतात. पाणी मिळत नाही. पुढे चवदार तळ्याचा सत्याग्रह करणाऱ्या माणसाने हे खोटं लपवलं नाही, म्हणून मी त्या आठवणींना साष्टांग नमस्कार घालते.

दीनानाथ दलालांपासून वसंत सरवट्यांपर्यंत रेषेचे एवढे मोठे धनी ज्या भाषेला लाभले, तिथे प्रौढांसाठीची चित्रकादंबरी रुजू नये याचं मला वाईट वाटतं. मला एक अशी कादंबरी गिरणगावावर हवी आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. रंगभूमीवर जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने त्यांच्यातल्या एका घरातली भावंडं एकमेकांना ओरबाडताना दाखवली, हौतात्म्य न चढवता. रेषेला तर आणखी करता येईल. परळचा काचेचा मनोरा आणि त्याच जागी धूर सोडणारी चिमणी एकाच चौकटीत येऊ शकतात, लिफ्टबाहेरच्या रांगेत पाळीला निघालेला साचेवाला उभा राहू शकतो. आणि तो कामगार घरी येऊन बायकोवर हात उगारत असेल, मुलीच्या फीचे पैसे उडवत असेल, शेजारच्या भय्याला शिव्या देत असेल, तर चित्रकाराने ती पानंही काढावीत. गिरणी त्याची बुडालीच होती.