बिऱ्हाडाचा हिशेब

मराठीत ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ हे दोन शब्द शेजारी शेजारी नांदत असले, तरी त्यांचे अर्थ एक नाहीत. घर असते, बिऱ्हाड करावे लागते. पोटापाण्यासाठी गाव सोडणारा माणूस परक्या गावी प्रथम घर बांधत नाही, तो बिऱ्हाड थाटतो. आणि ते थाटण्यापूर्वी एक हिशेब मांडतो. तिकडे मिळकत किती, जागेचे भाडे किती, हाती उरणार काय? हा हिशेब इतका नित्याचा आहे, की त्यात चिंतनाला काही जागा असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. तो व्यवहाराच्या प्रांतात टाकून दिला जातो. वस्तुतः सामान्य माणूस पूर्ण जाणिवेने जे मोजके नैतिक निर्णय घेतो, त्यांत या निर्णयाची गणना करावी लागेल. कारण येथे एका माणसाच्या आकडेमोडीने अनेकांच्या आयुष्याची दिशा ठरत असते.

या हिशेबाकडे पाहण्याच्या दोन टोकांच्या वृत्ती आढळतात. एका वृत्तीला गाव सोडताना पैशाचा विचार करणे हेच हीनपणाचे वाटते. दुसरीला जे आकड्यात बसत नाही ते अस्तित्वातच नाही असे वाटते. दोन्ही वृत्ती विचाराचे कष्ट टाळणाऱ्या आहेत. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या भागात घरव्यवस्था आणि धनार्जन यांत भेद केला. घरव्यवस्थेला चांगल्या जीवनाचे प्रयोजन असते, म्हणून तिला मर्यादाही असते. निव्वळ धनार्जनाला मर्यादा नसते. कांटने १७८५ मध्ये, ज्याला किंमत असते आणि ज्याला प्रतिष्ठा असते, अशा दोन कोटी कल्पिल्या. किमतीच्या वस्तूच्या जागी तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवता येते, प्रतिष्ठेच्या बाबतीत ते शक्य नसते. या दोघांना एकत्र वाचले, तर हिशेबाचे स्थान स्पष्ट होते. हिशेब अवश्य करावा. पण तो कशासाठी आणि कोणाकोणाच्या वतीने केला जात आहे, हे त्याच कागदावर लिहिलेले असावे. मराठी संतपरंपरेतही प्रपंच नीट न करता परमार्थाकडे वळणाऱ्याला रामदासांनी दोषच दिला आहे.

महाराष्ट्राला या हिशेबाचा दीर्घ अनुभव आहे. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून जो मनुष्य आला, त्याला गावाने ‘चाकरमानी’ हे नाव दिले. त्याला काम होते, घर नव्हते. गाववाल्यांच्या एका खोलीत पाळीपाळीने अनेकांनी झोपावे, खानावळीत जेवावे आणि महिन्याकाठी गावी मनिऑर्डर पाठवावी, असा तो संसार होता. १९२० नंतरच्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. एवढ्या मिळकतीत आणि एवढ्या जागेत हिशेब जुळत असे, कारण त्यातील मोठा खर्च मुंबईच्या वहीत लिहिलाच जात नव्हता. मुले वाढविणे, म्हातारपण सांभाळणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, शेताचा तुकडा जिवंत ठेवणे ही सारी कामे गावी राहिलेली स्त्री करीत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो लांबत गेला, तेव्हा असंख्य कामगार गावी परतले. मुंबईच्या वहीतील तूट पुन्हा गावानेच सोसली.

बेंगळुरूच्या बाबतीत हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. मराठी माणसाला हे नगर नवखे नाही. १६३८ नंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते आणि तेव्हापासून मराठी बोलणारी कुटुंबे तेथे राहत आली आहेत. परंतु आधुनिक बेंगळुरूची ओढ निर्माण केली ती कारखान्यांनी. मूळचे सोलापूरचे असलेले वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने तेथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट स्थापन केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये आयटीआय, १९५३ मध्ये एचएमटी, १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स असे सार्वजनिक उद्योग आले. या उद्योगांनी कामगारांसाठी वसाहती बांधल्या; त्यांत शाळा होत्या, दवाखाने होते, मैदाने होती. सर्वांनाच तेथे जागा मिळाली असे नव्हे, तथापि नोकरी देणाऱ्याने निवाऱ्याचाही विचार करावा, हे तत्त्व त्या काळाने मान्य केले होते. पुढे ते मागे पडले. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बेंगळुरूला गेली. त्या शहराने संगणक उद्योगाचे जे युग पाहिले, त्यात वेतन वाढले, पण निवारा हा ज्याचा त्याचा प्रश्न झाला. नोकरी आणि घर यांची फारकत झाल्यामुळेच दोहोंची तुलना करण्याचे ओझे एकट्या माणसावर येऊन पडले.

हे ओझे कसे असते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. सोलापुरात स्वतःच्या घरात राहणाऱ्या, चाळीस हजार रुपये वेतन असलेल्या गृहस्थाला बेंगळुरूत ऐंशी हजारांची नोकरी मिळते. वेतन दुप्पट झाले, असे घरीदारी म्हटले जाते. तेथे पंचवीस हजार भाडे गेले, तर वाढीव चाळीस हजारांपैकी पंधरा हजार उरतात. बेंगळुरूत दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने निवासी जागेसाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचविली असली, तरी प्रथा अशा सूचनांनी लगेच हटत नसतात. म्हणजे अडीच लाख रुपये अडकले. सात टक्क्यांनी त्यांचे व्याज महिन्याला सुमारे साडेचौदाशे. एकरकमी मोठी रक्कम देऊन ठरावीक मुदत बिनभाड्याने राहण्याचीही तेथे पद्धत आहे. तिला कन्नडमध्ये ‘भोग्य’ म्हणतात. मराठीतला ‘भोगवटा’ त्याच कुळातला. आणि भोगणे म्हणजे उपभोगणे तसेच सोसणेही. आता त्या गृहस्थाची पत्नी सोलापुरात एका शाळेत पंधरा हजारांवर शिकवीत होती, हे लक्षात घेतले की उरलेले पंधरा हजारही संपतात. रोज अडीच तास रस्त्यात गेले, तर चोवीस दिवसांत साठ तास होतात; त्यांचा रकाना वहीत नसतोच.

बेरीज करताना पुढच्या स्थानी न्यायचा अंक विसरला, तर उत्तर चुकते. त्याला लहान मुलेही हातचा विसरणे म्हणतात. बिऱ्हाडाच्या हिशेबात बहुधा हेच होते. मांडलेले आकडे खरे असतात. विसरलेला हातचा कोणाचा तरी श्रम असतो, कोणाचा तरी एकटेपणा असतो. वरील उदाहरणात जाणे चुकीचे ठरते, असा याचा अर्थ नाही. पुढे पगार वाढेल, पत्नीलाही तेथे काम मिळेल, मुलांपुढे नवे क्षेत्र खुले होईल. यांतील प्रत्येक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. परंतु पत्नीची सोडलेली नोकरी हा तिने केलेला त्याग आहे, हे जर हिशेबाच्या वेळी उच्चारलेच गेले नाही, तर ती गोष्ट त्याग म्हणून उरत नाही. ती गृहीत धरली जाते. गृहीत धरलेल्या माणसाची संमती विचारली जात नाही. मागे राहिलेले वृद्ध आईवडील काही मागत नाहीत, याचा अर्थ त्यांचा खर्च शून्य आहे असा होत नाही. ज्याची किंमत करता येत नाही, त्याचे निदान नाव तरी घेतले पाहिजे, एवढी मागणी नीती येथे करते.

येथवर विचार कुटुंबाच्या उंबरठ्याआत राहिला. पण जाणारा ज्या गावी जातो, त्या गावाचाही एक हिशेब असतो. बेंगळुरू मोठ्या नदीच्या काठी वसलेले नाही. तलाव हाच तेथील जीवनाचा पूर्वापार आधार होता. परगावाहून येणारा प्रवासी जेथे उतरतो, ते मॅजेस्टिकचे बसस्थानक धर्मांबुधी तलावाच्या जागेवर उभे आहे. नवागताचे पहिले पाऊल तेथे आटविलेल्या पाण्यावर पडते. १९७४ पासून कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून, चढवून या शहरात आणले जाते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत बेंगळुरू नागरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६५ लाखांवरून ९६ लाखांवर गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात सरकारी विंधनविहिरींपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्याचे राज्य शासनानेच सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, तो प्रामुख्याने शहरात नव्याने सामील झालेल्या ११० गावांसाठी.

याचा नैतिक अर्थ असा, की स्थलांतर करणारा केवळ भाडे भरीत नाही, तो भाडे वाढवितोही. त्याच्यासारखे हजारो आले म्हणून जागेचा दर चढतो, आणि त्या दराने जुना भाडेकरू शहराच्या कडेला सरकतो. हिशेब करणारा प्रत्येक जण दुसऱ्या कोणाच्या तरी हिशेबातील आकडा असतो. हे कोणा एकाचे पाप नव्हे. एकट्याने न येण्याने काही बदलतही नाही. म्हणून अपराधभावना येथे निरर्थक आहे. परंतु आपण येथे किमतीचे केवळ बळी नसून कारणही आहोत, ही जाण असलेला मनुष्य वेगळ्या रीतीने राहतो. तो पाणी जपून वापरतो, यजमान भाषा शिकण्यात कमीपणा मानत नाही, आणि त्या शहराच्या दुरवस्थेविषयी बोलताना स्वतःला प्रेक्षक समजत नाही.

आणखी एका वर्गाचा विचार केल्यावाचून हे विवेचन पुरे होत नाही. ज्या इमारतींतील भाड्याची तुलना सुशिक्षित मनुष्य करीत बसतो, त्या बांधण्यासाठी रायचूर-यादगीरसारख्या उत्तर कर्नाटकातील जिल्ह्यांतून आणि दूरच्या राज्यांतून मजूर आलेले असतात. बांधकामाच्या कडेला पत्र्याच्या खोपटात त्यांचे बिऱ्हाड असते. शेत पिकले नाही आणि कर्ज फिटले नाही, म्हणजे निघायचे. तेथे दोन पर्याय समोर ठेवून बेरीज-वजाबाकी करण्याची सवड नसते. हिशेब करता येणे हीच एक मिळालेली सवलत आहे, हे या तुलनेतून कळते. निवड करू शकणाऱ्याने ती नीट करावी, हे त्याचे पहिले ऋण. आणि इमारत उभी करणाऱ्याला त्याच गावात माणसासारखे राहता यावे, हा प्रश्न सार्वजनिक ठिकाणी विचारावा, हे दुसरे. सार्वजनिक उद्योगांच्या वसाहतींनी एकेकाळी जे तत्त्व अपुरे का होईना आचरणात आणले होते, ते नव्या रूपात मागण्याचा अधिकार वेतनाच्या आकड्यावर ठरत नाही.

शेवटी प्रश्न उरतो तो जाण्यानंतरचा. बिऱ्हाडाचा हिशेब निघण्यापूर्वी एकदाच करून वही मिटता येत नाही, कारण जाणारा माणूस तेथे पोचल्यावर तोच राहत नाही. मुले दुसऱ्या भाषेत खेळू लागतात, परतीच्या भेटी विरळ होतात, आणि ज्या गरजांसाठी तो निघाला होता त्यांची जागा वेगळ्या गरजा घेतात. ज्याने पहिल्या कागदावर सर्वांची नावे लिहिली असतील, त्याला तो कागद काही वर्षांनी घरातल्या सर्वांपुढे पुन्हा उघडता येतो, आणि कोणी काय सोसले हे विचारता येते. तो पुढे तेथेच घर करील अथवा माघारी येईल. दोन्ही निर्णय मग त्याच्या एकट्याचे असणार नाहीत.