दयेचे असत्य आणि रोगाचे नाव

मनोविकाराच्या रुग्णाची तपासणी संपली, की वैद्याला कागदावर रोगाचे नाव व त्याचा संकेतांक लिहावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणात ‘एफ २०’ म्हणजे स्किझोफ्रेनिया, ‘एफ ३२’ म्हणजे विषादाचा झटका. अशा वेळी घरची माणसे काकुळतीने म्हणतात, “डॉक्टरसाहेब, मुलीचे लग्न व्हायचे आहे; तेवढे निद्रानाश असे लिहा.” ही विनंती मानणे दया की अपराध, याचा विचार वाचकांनी आमच्याबरोबर करावा.

दयेचा पक्ष दुबळा नाही. धडधाकट माणसे रुग्ण म्हणून मनोरुग्णालयांत शिरली आणि एकदा लागलेले नाव त्यांना सुटेना, असा वृत्तांत अमेरिकेतील डेव्हिड रोझेनहान यांनी १९७३ साली प्रसिद्ध केला. त्याच्या खरेपणाविषयीच सुझॅना कॅहलन यांनी २०१९ साली गंभीर शंका काढल्या. तथापि नाव माणसाला चिकटते, हे कळावयास आपल्या समाजात निबंधाची गरज नाही.

परंतु पुढच्या वैद्याच्या हाती कागद जातो, त्यामागची दया जात नाही. पूर्वी येऊन गेलेला उन्माद लपवून कोणी नुसताच विषाद नोंदला आणि पुढच्याने त्यावर विश्वासून केवळ विषादावरील औषध दिले, तर उन्माद पुन्हा उसळण्याचा धोका असतो. रजा वा विमा मिळावा म्हणून रोग वाढवून लिहिणे हेही त्याच जातीचे असत्य होय.

मात्र खरेपणा म्हणजे ठामपणा नव्हे. लक्षणे महिनाभर टिकल्यावाचून स्किझोफ्रेनिया म्हणू नये, असे तेच वर्गीकरण बजावते; निदान पक्के नसेल, तर ‘तात्पुरते’ असे लिहिण्याची मुभाही देते. जेवढे कळले तेवढेच लिहिणे, हाही सत्याचाच भाग आहे.

मग दयेला जागा कोठे? आमच्या मते, ती नोंद करताना नव्हे, नोंद राखताना. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, काही अपवाद वगळता, रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधन घातले आहे, आणि पूर्वी उपचार झाले एवढ्यावरून कोणास आज मनोरुग्ण ठरवू नये असेही सांगितले आहे. हे बंधन वैद्याने, कारकुनाने आणि सोयरीक जुळविणाऱ्या आपणा सर्वांनी पाळले, तर त्या आईबापांना खोट्या नावाची याचना करावी लागणार नाही.