खरेदीदाराचा वाटा

दुसऱ्याने केलेल्या अन्यायातून निपजलेली वस्तू विकत घेतली, तर त्या अन्यायाचा किती दोष घेणाऱ्याकडे येतो, हा भारतीय नीतिविचारातला जुना प्रश्न आहे. पातंजल योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसा तीन प्रकारची सांगितली आहे: स्वतः केलेली ती कृत, दुसऱ्याकडून करवलेली ती कारित आणि मान्यता दिलेली ती अनुमोदित. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रातही हाच विभाग येतो. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय तर मांस विकत घेणाऱ्यालाही घातकांच्याच रांगेत बसवतो. बौद्धांचा नियम त्या मानाने सौम्य आहे. जीवकसुत्तानुसार, प्राणी आपल्यासाठी मारला गेला हे भिक्षूने पाहिले, ऐकले किंवा त्याला तसा संशय आला, तरच ते मांस वर्ज्य. जैनांना ही सवलत मान्य नव्हती. खाणारा आहे म्हणून मारणारा आहे, असा त्यांचा रोख होता.

पुरवठा साखळीत वेठबिगारी उघडकीस आली की मोठ्या कंपन्यांचे उत्तर या बौद्ध कसोटीच्या पहिल्या दोन अटींवर उभे राहते: पाहिले नाही, ऐकले नाही. संशयाची अट मात्र गाळलेली असते. शिवाय भिक्षू भिक्षापात्रात पडेल ते घेतो. कंपनी दर, दर्जा आणि मुदत ठरवून माल मागवते. भिक्षूची सवलत तिला लागू करता येत नाही.

महाराष्ट्रातील ऊसतोडीत हा प्रश्न उघडपणे दिसतो. बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून दरवर्षी हंगामापूर्वी मजूर बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि मुकादम त्या कोयत्याला उचल देतो. हंगामभर तोड करून ती फेडायची. आजारपणामुळे काम बुडाले तर खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात. हिशेबाअंती उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. कारखान्याचा करार असतो तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदाराचा व्यवहार मुकादमाशी आणि मुकादमाचा कोयत्याशी. त्यामुळे मजूर आमचे नव्हेत, असे कारखाना म्हणू शकतो आणि कागदावर ते खरेही असते. मजुरीतला खंड परवडत नाही म्हणून बीडमधील अनेक स्त्रियांनी गर्भाशय काढून टाकल्याच्या बातम्या २०१९ मध्ये गाजल्या आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. इथली साखर कोका-कोला आणि पेप्सिको यांच्या पुरवठ्यात जाते, हे न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी २०२४ मध्ये मांडले. त्यानंतर संशय आला नव्हता असे म्हणायला जागा उरलेली नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: उचल तर मजुराने आपखुशीने घेतलेली असते, मग सक्ती कुठे आहे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० च्या कराराने सक्तीच्या श्रमाच्या व्याख्येत शिक्षेची धमकी आणि स्वेच्छेचा अभाव या दोन्ही गोष्टी धरल्या. भारताचे सर्वोच्च न्यायालय १९८२ मध्ये याच्याही पुढे गेले. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी असा निर्वाळा दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणे हे राज्यघटनेच्या २३ व्या कलमानुसार सक्तीचेच श्रम ठरते, कारण भूक आणि दारिद्र्य यांचा रेटा हाही बळाचाच प्रकार आहे. संमतीच्या तत्त्वज्ञानात हा निर्णय फार मोलाचा आहे. ज्याच्यापुढे दुसरी वाटच नाही, त्याच्या होकारावर करार उभा राहतो. न्याय्यता उभी राहत नाही. त्याआधीच, १९७६ च्या कायद्याने, वेठबिगारीतून आलेली कर्जे रद्द ठरवली होती. उचल मात्र रोखीत, गावातच आणि बहुधा कागदाविना दिली जाते. त्यामुळे कायद्याचा हात तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचतो.

दोष मान्य झाला तर पुढे काय, याबाबत परंपरा एका सुरात बोलत नाहीत. १७९१ पासून ब्रिटनमध्ये हजारो कुटुंबांनी गुलामांच्या श्रमावरची वेस्ट इंडीजची साखर सोडली. हा मार्ग जैन त्यागाच्या जवळचा आहे. हात स्वच्छ राहतात. पण कारखान्याकडून खरेदी थांबवली तर मुकादम तेच कोयते दुसऱ्या कारखान्याकडे नेतो आणि उचल अंगावर तशीच राहते. आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन तत्त्वचिंतिकेने म्हणूनच दोष आणि जबाबदारी वेगळ्या केल्या. तिच्या मते रचनेत सहभागी असलेल्या प्रत्येकावर, आपल्या ताकदीच्या प्रमाणात, ती रचना बदलण्याचे दायित्व येते. कारित हिंसेची कल्पना याहून कडक आहे, कारण ती खरेदीदाराला दोषातून सोडत नाही. ऊसतोडीला मात्र दोन्ही विचार एकत्रच लागू पडतात: खरेदीचा दर कंपनी ठरवते आणि तो बदलण्याची ताकदही तिच्याचकडे आहे.

कायद्यांमध्येही हा फरक उतरला आहे. ब्रिटनचा २०१५ चा आधुनिक गुलामगिरी कायदा मोठ्या कंपन्यांकडून वार्षिक निवेदन मागतो. त्यात काहीच पावले उचलली नाहीत असे लिहिले तरी अट पुरी होते. फ्रान्सच्या २०१७ च्या कायद्याने कंपन्यांना पुरवठादारांकडील धोके शोधून ते टाळण्याची योजना करायला लावले आणि ती न केल्यामुळे झालेल्या हानीची भरपाई मागण्याचा मार्ग खुला केला. ऊसतोडीत तशी योजना करायची तर उचल मुकादमाच्या वहीतून काढून कारखान्याच्या खात्यावर आणावी लागेल, तोडीचा दर मजुराच्या हातात लेखी द्यावा लागेल, खाडा बंद करावा लागेल आणि या सगळ्याचा खर्च साखरेच्या खरेदी दरात धरावा लागेल.