कमरेला घोडा, चेंबरात गोळी

प्रश्न सरळ मांडतो. धमकी आलेल्या कार्यकर्त्यानं शर्टाखाली घोडा लावावा काय? आणि लावलाच तर चेंबरात गोळी भरून ठेवावी काय? नायगाव-परळच्या नाक्यावर पोरं हे दबक्या आवाजात बोलतात. दबक्या आवाजातल्या गोष्टीचा नीट विचार होत नाही. म्हणून इथं मोठ्यानं बोलू.

अहिंसेचं प्रवचन मी देणार नाही. ते नेहमी रिकाम्या हातांनाच ऐकवलं जातं. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तलवार टांगलीय त्याला कुणी ऐकवत नाही. चातुर्वर्ण्यानं खालच्यांना शस्त्र धरू दिलं नाही, म्हणून ते बंड करू शकले नाहीत, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त स्पष्ट मांडलं. आपलं निःशस्त्र असणं हा आपला सद्‌गुण नव्हता, ती शिक्षा होती. महारांची लष्करभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. तेव्हा हत्यार आपल्या हाताला शोभत नाही, असं कुणी म्हणू नये.

कायदाही हेच सांगतो. स्वसंरक्षणाचा हक्क जुन्या दंडविधानात कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आहे. आणि अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला तिसरा नियम वाचा. जिथं अत्याचाराची भीती आहे तिथं सवर्णांचे शस्त्रपरवाने रद्द करा, बेकायदा हत्यारं जप्त करा, आणि गरज वाटली तर अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना परवाने द्या, असं तिथं छापलंय. किती जणांनी हा नियम कलेक्टरच्या टेबलावर आपटला? गावकुसाबाहेर एकट्या घरात राहणाऱ्या माणसानं तो जरूर आपटावा. त्याच्या बाजूनं मी उभा राहीन.

पण परळच्या पोराचा प्रश्न वेगळा आहे. त्याला हवाय तो विनापरवाना, लपवलेला आणि भरलेला घोडा. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासू.

विनापरवाना घोडा म्हणजे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली आयती केस. तुम्ही काढलेला मोर्चा, तुम्ही लिहून घेतलेली फिर्याद, सगळं त्या एका पंचनाम्याखाली गाडलं जाणार.

आता लपवलेला. उघड हत्यार बघून समोरचा थबकतो. जे दिसतच नाही ते कुणाला थबकवणार? लपवलेला घोडा हल्ला टाळत नाही. तो बाहेर निघतो तेव्हा हल्ला सुरू झालेला असतो.

राहिली चेंबरातली गोळी. पिस्तुलाच्या मुठीत मॅगझिन असतं. स्लाइड मागं ओढून सोडली की वरची गोळी चेंबरात जाते. मग उरतो फक्त चाप. पोरं म्हणतात, स्लाइड ओढायला एक सेकंद लागतो, त्या सेकंदात आपण मरू. खरं आहे. पण त्याच सेकंदात माणूस समोर कोण आहे हे बघतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केलाय. गरज आहे की नाही हे त्या घटकेला ठरतं, घरातून निघताना नाही. भरलेलं चेंबर म्हणजे लगेच खुनाची इच्छा, असं मी म्हणत नाही. पण ते विचाराची जागा बोटाएवढी करून टाकतं.

आणि आपल्यावर हल्ला येतो कसा? ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या बीडीडी चाळींत पँथरच्या सभेवर दगड आले. दंगल नायगावपर्यंत पसरली. १० जानेवारीला परळमध्ये मोर्चावर इमारतीवरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव मारला गेला. वरून दगड येतो तेव्हा नळी कुठं रोखायची? चौथ्या मजल्यावर? त्या खिडक्यांत म्हाताऱ्या असतात, पोरंबाळं असतात. आणि रात्री तो घोडा ठेवायचा कुठं? बीडीडीची खोली १६० चौरस फुटांची. उशीखाली ठेवला तर शेजारी पोर झोपलेलं. दादरच्या पुलावर संध्याकाळच्या रेट्यात एक धक्का बसला, तर ती गोळी जात विचारून लागणार नाही.

२० मार्च १९२७ ला महाडात आपल्या माणसांची डोकी फुटली. प्रतिकाराला तयार असलेले लोक हुकुमाची वाट बघत होते, त्यांत लष्करातून परतलेलेही होते. बाबासाहेबांनी हुकूम दिला नाही. भित्रेपणा नव्हता तो. तळ्याचा खटला दहा वर्षं लढले आणि मार्च १९३७ मध्ये हायकोर्टात जिंकले. माझ्या मते त्या दिवशी एक गोळी सुटली असती, तर लोक पाण्याचा हक्क विसरून त्या गोळीबद्दलच बोलत बसले असते.

म्हणून माझं मत असं: हक्क सोडायचा नाही, परवाना उघड मागायचा. मिळाला तरी चेंबर रिकामं ठेवायचं. धमकी आली तर ती लेखी नोंदवायची, पोच घ्यायची, वकिलाचा नंबर चार जणांकडे ठेवायचा, रात्री एकट्यानं फिरायचं नाही. हे मिळमिळीत वाटेल. वाटू द्या.

एवढं लिहूनही एक हिशेब जुळत नाही. उद्या कुणी पोरगा त्या एका सेकंदापायी गेला, तर त्याच्या आईसमोर माझा हा युक्तिवाद टिकणार नाही. ती विचारेल, आणि मला खाली मान घालून ऐकावं लागेल. तरीही मी हेच सांगेन. कारण दुसऱ्या बाजूलाही एक आई आहे. आपल्या पोराच्या उशीखालच्या घोड्यानं जिचं तान्हं जाईल, ती बहुतेक आपल्याच चाळीतली असेल.