मुलांचे ‘का?’



धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना कार्ल्याच्या लेण्यांत नेले की मोठी माणसे फोटो काढतात आणि मुले वर बघतात. चैत्यगृहाचे छत अखंड डोंगरातच कोरलेले, मग त्याला या लाकडी बरगड्या कशाला? प्रश्न अगदी बरोबर आहे. सुमारे दोन हजार वर्षांच्या त्या बरगड्यांवर छताचा भार मुळीच नाही. पूर्वी अशी सभागृहे लाकडाची बांधत. दगडात कोरू लागल्यावरही कारागिरांनी तेच रूप ठेवले. खांबांवरच्या ब्राह्मी लेखांत धेनुकाकट येथील यवन दात्यांचे उल्लेख आहेत. हे धेनुकाकट नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे अद्याप एकमत नाही. मुलांना हेही सांगावे. मोठ्यांनाही सगळे ठाऊक नसते, हे कळल्याने त्यांचे काही बिघडत नाही.

आपल्या घरांत मात्र मुलाने तिसऱ्यांदा ‘का?’ विचारले की ‘फार आगाऊ झालास’ हे उत्तर ठरलेले. आणि शेजारच्या मुलीचे लग्न का मोडले, याची चौकशी आपण मिस्सा संपताच चर्चच्या पायरीवरच करतो! संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या दोन वृत्ती वेगळ्या केल्या. सत्य जाणण्याची ओढ योग्य वाटेने गेली तर तो सद्गुण. दुसऱ्याची उणी काढण्यासाठी त्याच्या आयुष्यात डोकावणे हे पाप. मराठीतही जिज्ञासा आणि भोचकपणा हे शब्द निराळेच आहेत. पहिलीला आपण दटावतो, दुसऱ्याला बसवून चहा पाजतो.

चौदा-पंधराव्या वर्षी प्रश्न बदलतात. ‘एवढी प्रार्थना केली, तरी आजी का गेली?’ हा प्रश्न अश्रद्धेचा नव्हे. ज्याला देवाशी काही देणेघेणेच नाही, तो असे विचारणार नाही. यावर आमच्याकडेही झटपट उत्तर नाही. पण ‘देवाची इच्छा’ एवढे म्हणून विषय मिटवू नये, असे आम्हाला ठामपणे वाटते. घरी गप्प केलेले मूल प्रश्न टाकून देत नाही, ते मोबाइलला विचारते.

बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्नही विचारत होता, असे संत लूक सांगतो. तीन दिवसांनी तो सापडल्यावर मरियेनेही त्याला त्याच्या वागण्याचे कारण विचारले. मिळालेले उत्तर तिला आणि योसेफाला उमगले नाही. ते सारे मनात जपून ठेवत ती त्याच्यासह नाझरेथला परतली.