शंभरातले सत्तर आणि माझी मावशी

मी पोटापाण्यासाठी भाकितं करतो. म्हणजे कोड लिहितो आणि तो कोड सांगतो की अमुक ग्राहक पुढच्या महिन्यात आमचं ॲप काढून टाकेल, शक्यता ८२ टक्के. अंदाज चुकला तर एक डिस्काउंट कूपन फुकट जातं. त्या ग्राहकाला या ८२ टक्क्यांचा पत्ताही नसतो आणि नसला तरी कुणाचं काही बिघडत नाही.

कॅन्सरमध्येही आता असे आकडे येतात. फरक इतकाच, की तिथे आकडा एका माणसाच्या जगण्याबद्दल असतो. मग तो आकडा कुणाचा? ज्याच्याबद्दल आहे त्याचा, की ज्याने ऐकला त्याचा?

आधी या आकड्यांची चांगली बाजू सांगतो. ऑन्कोटाइप डीएक्स नावाची एक चाचणी आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या एका प्रकारात ती गाठीतल्या २१ जनुकांची हालचाल मोजते आणि आजार उलटण्याचा धोका किती, याचा ० ते १०० मधला स्कोअर देते. टेलरएक्स या अभ्यासात दहा हजारांहून जास्त बायकांची नोंद झाली होती. ११ ते २५ असा मधला स्कोअर आलेल्या साधारण ६,७०० जणींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला फक्त हॉर्मोनविरोधी औषधं, दुसऱ्याला सोबत केमो. २०१८ साली निकाल आले तेव्हा नऊ वर्षांनंतरही दोन्ही गट जवळपास सारखेच होते. पन्नाशीच्या आतल्या काहीजणींना केमोचा थोडा फायदा दिसला, पण बाकी कितीतरी जणींची केमो टळली. उलट्या, गळणारे केस, बिनपगारी रजा, सगळंच टळलं. असा आकडा भविष्य सांगत नाही, पुढे काय करायचं ते सांगतो.

पण गाठ ही एकजिनसी वस्तू नाही. २०१२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी किडनीच्या कॅन्सरचे वेगवेगळ्या जागांचे तुकडे तपासले, तेव्हा जनुकांतले सुमारे दोन तृतीयांश बदल सगळ्या तुकड्यांत सापडलेच नाहीत. सुई एका कोपऱ्यात जाते आणि आकडा अख्ख्या गाठीच्या नावावर चढतो.

समजा आकडा अचूक आहे. तरी तो शंभर जणांचा असतो. एक माणूस ७० टक्के जगत नाही. स्टीफन जे गुल्ड या जीवशास्त्रज्ञाला १९८२ मध्ये पोटाचा मेसोथेलिओमा झाला. पुस्तकात लिहिलं होतं, मध्यक आयुष्य आठ महिने. त्याने आकडा नीट वाचला: निम्मे लोक आठ महिन्यांहून जास्त जगतात आणि आलेखाची उजवीकडची शेपटी लांबलचक असते. तो आणखी वीस वर्षं जगला. ही गोष्ट मला आवडते, पण तिच्यावर मी टेकून राहत नाही. जे डावीकडच्या अर्ध्यात होते, त्यांना निबंध लिहायला वेळच मिळाला नाही.

गेल्या वर्षी माझ्या मावशीला कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी दादाला, म्हणजे तिच्या मुलाला, बाजूला घेऊन सांगितलं की अशा शंभर पेशंटमधले सत्तर पाच वर्षांनंतर असतात. त्याने मला फोन केला. "तू डेटावाला ना? सांग, आईला सांगायचं का?" घरात सगळ्यांचं मत होतं, नको, ती खचेल. सांगून फायदा काय? औषधं तर तीच राहणार.

हा मुद्दा माझ्यातल्या इंजिनिअरला लगेच पटण्यासारखा आहे. ज्या उत्तराने कुठलाच निर्णय बदलत नाही, ते काढायचं कशाला? पण मावशीची नोकरी दोन वर्षं उरली होती. गावच्या घराचा वाद मिटायचा होता. ठरवण्यासारखं तिच्याकडे बरंच होतं. तिला ठरवायला काही उरलेलं नाही, हे आम्ही परस्पर ठरवून मोकळे झालो होतो.

दुसरी बाजूही खरी आहे. काहींना खरोखर ऐकायचं नसतं, आणि न ऐकण्याचाही हक्क असतो. म्हणून मी दादाला म्हटलं, आकडा सांगण्याआधी तिलाच विचार, किती ऐकायचंय. त्याने विचारलं. ती म्हणाली, "आकडा नको सांगूस. व्हीआरएस घेऊ का, तेवढं सांग."

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी 'सांगायचं की लपवायचं' एवढ्याच दोन पर्यायांत अडकलो होतो. तिने तिसरा काढला: ओझं तुम्ही उचला, पण सल्ला त्या ओझ्याशी इमान राखून द्या.

हे लपवण्यापेक्षा अवघड आहे. २००० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात शेवटच्या टप्प्यातल्या ४६८ पेशंटांचं आयुष्य किती उरलंय, याचा अंदाज त्यांच्या डॉक्टरांना विचारला होता. सरासरीने तो प्रत्यक्षाच्या पाचपट निघाला. परक्या डॉक्टरांना आकडा गोड करावासा वाटतो, तर पोटच्या मुलाला किती वाटेल? दुसऱ्यासाठी आकडा सांभाळणाऱ्याने तो स्वतःसाठी वाचेल त्याहून कडक वाचायला हवा, असं मला आता वाटतं.

दादाने तिला "घे" म्हणून सांगितलं. का, ते तिने विचारलं नाही.